पाहा पान चार

सव्वाशे वर्षं भरली म्हणून समितीने मला
चर्चचा इतिहास लिहायला सांगितला.
"एसटीत हिशेब ठेवलेत तुम्ही, अक्षरही बरं आहे," म्हणाले,
आणि कपाटाची किल्ली दिली,
सोबत डांबराच्या गोळ्यांची पुडी.

येरळेकाठचं आमचं चर्च तसं लहान.
बारा बाक, त्यातले दोन वाळवीला दिलेले.
पेटीचा भाता फाटला की मिरजेला न्यायची,
सतारवाल्यांच्या गल्लीत. मुनीरचाचा
सूर तपासायला आमचंच एखादं गीत वाजवून बघतात,
शब्द आमच्यापेक्षा त्यांना जास्त पाठ.

भिंतीत पाटी आहे. सात नावं.
दोन साहेब, एक मडमीण, चार वडील.
चारांतले दोघे एकमेकांचे व्याही,
उरलेले त्यांचे मेहुणे.
मंडळी म्हणजे एकच घर म्हणा ना,
नाताळ सोडला तर एकमेकांशी न बोलणारं.
डावीकडं उजागरे, उजवीकडं चांदणे,
आणि आम्ही दगडे मागं, दाराशी,
घंटेची दोरी आमच्याकडं म्हणून.

आजोबा छाती काढून सांगायचे,
आपलं आडनाव शास्त्रातलं.
पेत्र म्हणजे खडक, खडक म्हणजे दगड,
त्यावर मंडळी उभी.
मीही तेच सांगत आलो,
मुलींची लग्नं जुळवताना तर दोनदा.

बाप्तिस्म्याचं रजिस्टर, कोपरा उंदरांनी खाल्लेला.
क्रमांक नऊ. शलमोन. वय अंदाजे दोन.
आई: माहीत नाही.
बाप: पाहा पान चार.

पान चारवर कुणाचाच बाप्तिस्मा नाही.
तिथं बांधकामाचा खर्च. चुना, वाळू, गूळ,
बैलगाडीचं भाडं, आणि सगळ्यात खाली:

तिम्मा वडार, दगड घडवणे, तेरा रुपये आठ आणे.
पैकी अडीच रुपये त्याने परत केले.
म्हणाला, ढिगात सापडलेलं पोर
बायकोने सात महिने पाजलं.
आता आमचा तळ विजापूरकडं हलणार.
पोर इथं ठेवतो. पैसे त्याच्या दुधाला लावा.

चष्मा पुसला. परत वाचलं.
खडक नव्हे. पेत्र नव्हे.
चुन्याच्या घाणीशेजारचा ढीग,
कुठल्याच थरात न बसलेल्या दगडांचा.

मसुद्यात मी तसंच उतरवलं.
समितीने पंख्याखाली बसून वाचलं.
"स्मरणिका आहे, बिशप येणार आहेत,"
सॅम्युएल उजागरे एवढंच म्हणाले,
आणि लाल पेनाने ओळ गेली.
सगळ्यात आधी मान हलवली
ती माझ्या चुलतभावाने.

मग तिम्माचं कोणी उरलंय का, विचारत फिरलो.
कुपवाडच्या पुढं खडीच्या क्रशरवर
दुर्गाप्पा भेटला, तिशीतला, पापण्यांवर धूळ.
त्याच घरचा का, त्यालाही सांगता येईना.
"आज्याचा आजा तिम्माच, पण आमच्यात
दर दोन घरांमागं एक तिम्मा असतोय."
चर्चचं ऐकून हसला. "आमचं काय तिकडं?"
चहा मागवला. मशीन सुरू होतं,
बोलणं ओरडूनच.
कप खाली ठेवताना मात्र हळू विचारलं,
"जोत्याचा दगड हाललाय का कुठं?"

नाही, म्हटलं. एकही नाही.

"मग झालं की."

शनिवारी रात्री आवारात
एक ट्रॉली खडी येऊन पडली, न सांगता.
पावसात तिथं चिखल होतो, हे मी
बोलता बोलता म्हटलं असेन.

रविवारी, पहिल्या घंटेच्या आधी
पावतीपुस्तक काढलं.
नाव: दुर्गाप्पा.
रोख: निरंक. वस्तू: खडी, एक ट्रॉली.
शेवटचा रकाना, मंडळीशी नाते.

उजागरे पायरीवर चपला काढत
इकडंच बघत होते.
मी दोरी डाव्या हातात धरली
आणि उजव्या हाताने लिहिलं:
पाहा पान चार.